भात-मासळीवर कुत्रा नीट पोसता येतो, पण माप हवं

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून प्रश्न आला आहे. घरात दोन कुत्रे आहेत. एक चार वर्षांचा गावठी, वजन साधारण १५ किलो, खच्चीकरण झालेला. दुसरं मुंबईच्या भावाने आणून दिलेलं तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू. गावठी आजवर घरच्या भातावर आणि माशाच्या कालवणावर वाढला. पिल्लासाठी पिशवीतलं खाणं आणायला गेल्यावर त्याची किंमत ऐकून घरचे हबकले. आता ते विचारतात, दोघांनाही घरचंच दिलं तर चालेल का? भात कुत्र्याला वाईट असतो का? मासळीने केस गळतात का? आणि कमी खर्चात दोघं धडधाकट राहतील असं काय घालावं?

माझं उत्तर आधीच सांगते. मोठ्याला घरचं घाला, पिल्लाला पिशवीतलं घाला. घरात कुत्र्यांसाठी जो काही पैसा बाजूला काढता येत असेल, तो पिल्लाच्या पहिल्या वर्षात घाला. गावठीवर त्यातला बराच वाचवता येतो. दोघांना सारखंच द्यायचं या भावनेने अनेक घरांत उलटं होतं. महागडी पिशवी दोघांत वाटली जाते, ती पुरावी म्हणून पिल्लाच्या ताटात भात वाढत जातो, आणि ज्याला गरज होती त्यालाच ती कमी मिळते.

आधी किती घालायचं ते बघू, कारण कोकणातल्या पाळीव कुत्र्यांमध्ये उपाशी कमी आणि लठ्ठ जास्त, असं चित्र मला दवाखान्यात दिसतं. मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर हिशेब होतो. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्याच वजनाने दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढा आणि ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा तेवढी. १५ किलोसाठी हा आकडा साधारण ५३० किलोकॅलरी येतो. खच्चीकरण झालेल्या, घरात-अंगणात फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात. खच्चीकरण झालेलं नसेल तर १.८ पट धरा. हा आकडा सुरुवातीपुरता आहे, खरा निकाल कुत्र्याच्या अंगावर दिसतो. बरगड्यांवरून हात फिरवा. उताणा न करता, सरळ पसरलेल्या आपल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवताना हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक आहे. मुठीच्या पेरांसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड आहे, आणि चाचपूनही सापडत नसतील तर उद्यापासून ताट कमी करा. वरून बघितलं की बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

हे मी इतकं लावून धरते त्याला कारण आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांना आयुष्यभर जोडीजोडीने सांभाळून एक अभ्यास झाला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं जाई. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. स्वस्तात मिळणारं याहून मोठं औषध मला माहीत नाही. तुमच्याकडे लॅब्रॅडॉरच आहे आणि ही जात खायला हावरट असते. तो ‘बघतोय बिचारा’ म्हणून पुढे टाकलेली प्रत्येक पोळी त्याच्या कंबरेवर जाते.

आता भात. भात कुत्र्याला पचत नाही, त्याला फक्त मांस लागतं, हे सध्या फार ऐकू येतं. माणसाजवळ राहून कुत्रा लांडग्यापेक्षा बदलला आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराचं जनुक लांडग्यात साधारण दोन प्रतींत असतं, तर कुत्र्यात त्याच्या कितीतरी जास्त प्रती सापडतात. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. नीट शिजलेला भात कुत्रा छान पचवतो. उकडा, सुरय, रेशनचा, कुठलाही चालतो. फक्त आपल्या पानात लागतो त्यापेक्षा मऊ शिजवा. धान्य नसलेलं म्हणून जास्त दराने विकलं जाणारं खाणं घेण्याचं निरोगी कुत्र्यासाठी काही कारण नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाण्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. तो संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, पण जास्त पैसे मोजण्याचं कारणही त्यातून निघत नाही.

भाताची अडचण वेगळीच आहे. तो एकटाच ताट भरून टाकतो. ताटभर भात, वर कालवणाचं पाणी आणि माशाचं डोकं, हे आपल्याकडचं नेहमीचं जेवण. त्यात पोट भरतं, पण प्रथिनं तोकडी पडतात आणि कालवणातलं मीठ, तिखट, कांदा मात्र सगळा पोटात जातो. म्हणून कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. तुमच्या सगळ्या स्वयंपाकात एवढा एकच बदल करता आला तरी अर्धं काम झालं. नाचणी घरात असेल तर आठवड्यातून दोन-तीन दिवस भाताच्या जागी नाचणीची चांगली शिजलेली आंबील किंवा पेज द्या. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही, तेव्हा कॅल्शियमसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

मासळीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या किनाऱ्याला मिळालेली ही खरी सोय आहे. ती सोडून घाटावरून येणाऱ्या महाग डब्यांमागे धावणं मला पटत नाही. तारली, पेडवे, बांगडा ही तेलकट मासळी. तिच्यात उत्तम प्रथिनं आहेत, कातडीला आणि सांध्यांना उपयोगी ओमेगा-३ आहे, आयोडीन आहे आणि ड जीवनसत्त्व आहे. शेवटच्या दोन गोष्टी घरच्या जेवणात एरवी मिळणं कठीण. ड जीवनसत्त्वाबद्दल एक गैरसमज इथे पक्का बसलेला आहे. पिल्लाचे पाय वाकले की त्याला सकाळच्या उन्हात बांधून ठेवतात. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. ऊन दिल्याने पिल्लाचा वेळ बरा जातो, पाय सरळ होत नाहीत.

मासळी शिजवूनच द्या. कच्च्या माशांपैकी बऱ्याच जातींत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज कच्ची मासळी खाणाऱ्या जनावराला त्यातून पुढे झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शिजवल्यावर हे विकर निकामी होतं. दुसरी गोष्ट ताजेपणाची. बांगडा बर्फाशिवाय उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते उकळूनही जात नाही. संध्याकाळी बाजार उठताना कोळीण उरलेली टोपली स्वस्तात देते, ती घ्यायला हरकत नाही, पण माशाचे डोळे आणि कल्ले बघून घ्या. जे तुम्ही स्वतः खाणार नाही ते कुत्र्यालाही घालू नका. डोकी आणि शेपट्या मात्र बिनधास्त मागा. सुरमई-मोरीच्या तुकड्यांमागे पळण्यापेक्षा तारलीचा वाटा बरा. तो स्वस्त असतो, आणि मोठ्या शिकारी माशांत साठतो तेवढा पारा लहान माशांत नसतो.

काट्यांचं काय? तारली आणि पेडवे आतडी काढून, धुऊन, थोड्या पाण्यात कुकरला लावा, एक शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून अर्धा-पाऊण तास ठेवा. गार झाल्यावर मधला काटा दोन बोटांत चिरडून बघा. पीठ झाला पाहिजे. असा काटा खाल्ला तर ते फुकटचं कॅल्शियम आहे. चिरडत नसेल तर परत लावा. बांगड्याचा आणि मोठ्या माशांचा काटा काढूनच द्या. सुक्या मासळीत फरक करायला हवा. खारवलेला बांगडा कुत्र्याला नको, भिजवून धुतला तरी नको. बिनमिठाचा, नुसता उन्हात वाळवलेला जवळा किंवा गोलमा चालतो, पण तो पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या, तळाशी वाळू बसते. मूठभर जवळा भातात शिजवला की एरवी नाक मुरडणारा कुत्राही ताट चाटून पुसून खातो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि जी मासळी मिळते ती महाग असते. तेव्हा अंड्यांवर या. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि सत्तरच्या आसपास किलोकॅलरी असतात. घरच्या कोंबड्या असतील तर प्रश्नच मिटला. अंडी उकडून द्या. अंड्याने ‘उष्ण पडतं’ म्हणून उन्हाळ्यात बंद करणारी घरं मला माहीत आहेत, त्याला काही आधार नाही. चिकनच्या दुकानात पेटा (कोंबडीचं जठर), हृदय आणि कलेजी (यकृत) मांसापेक्षा स्वस्त मिळतात. पेटा आणि हृदय रोजचं चालेल, कलेजी मात्र आठवड्यातून दोनदा, बोटाच्या दोन पेरांएवढी. कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज भरपूर दिली तर ते अंगात साठून हाडांना त्रास देतं. कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नका, ती उभी चिरतात आणि टोकदार होतात. कच्चे पाय आणि माना स्वस्त म्हणून तशाच टाकणारे आहेत, पण त्यांवरचे साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याबरोबर घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात.

घरात मासे-मटण शिजत नसेल तरी कुत्रा पोसता येतो. अंडी चालत असतील तर सोपं आहे. अंडीही चालत नसतील तर डाळ, सोयाबीन वडी आणि दही यांवर तो राहतो, पण मग खनिजांची पूड पर्यायी राहत नाही आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं.

तुमच्या १५ किलोच्या गावठीसाठी एका दिवसाचं पातेलं असं होईल: तांदूळ ११० ग्रॅम, म्हणजे एक छोटी वाटी, आणि मुगाची किंवा मसुरीची डाळ वीस ग्रॅम, हे एकत्र मऊ शिजवा. त्यात साफ केलेली मासळी किंवा बिनहाडाचं चिकन १८० ते २०० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, लाल भोपळा, दुधी, फरसबी किंवा माठ यांतली किसून शिजवलेली थोडी भाजी, आणि चहाचा एक चमचा शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल. बंदीच्या दिवसांत मासळीच्या आणि त्या एका अंड्याच्या जागी तीन अंडी आणि पंचवीस ग्रॅम सोयाबीन वडी भिजवून, पिळून, शिजवून. मीठ-मसाला नाही. हळदीची चिमूट असली तर असू दे. दोन भाग करा, सकाळ-संध्याकाळ द्या. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून ठेवा. आपल्या हवेत ताटात पडून राहिलेला भात दुपारपर्यंत आंबतो.

तेल शेंगदाण्याचं म्हटलं ते मुद्दाम. आपल्याकडे खोबरेल घरचं असतं आणि कुत्र्याच्या अंगाला, पोटाला सगळीकडे तेच वापरलं जातं. कुत्र्याच्या कातडीला लिनोलिक आम्ल लागतं, ते खोबरेलात जेमतेम असतं. शेंगदाणा आणि सूर्यफुलाच्या तेलात ते भरपूर आहे. कोरडी, कोंडा पडलेली कातडी कधी कधी तेल बदलून महिन्या-दीड महिन्यात सुधारते.

आता त्या पातेल्यात जे नाही त्याबद्दल. कॅल्शियम पहिलं. मांस, भात, अंडं या तिन्हींत फॉस्फरस आहे, कॅल्शियम नाहीच्या बरोबर. ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडांमधून काढून घेतं. उपाय घरातच आहे. अंड्यांची टरफलं धुऊन, दहा मिनिटं उकळून, कडक वाळवून मिक्सरमधून पिठासारखी बारीक काढा. सपाट चहाच्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम येतं. तुमच्या गावठीला रोज अर्धा चमचा पुरे. काट्यासकट कुकरमध्ये शिजलेली तारली दिली त्या दिवशी पाव चमचा. पानाचा चुना मात्र नको. तो दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

जस्त आणि ई जीवनसत्त्व ही दुसरी जोडी. घरच्या जेवणात ती हमखास कमी पडते, कितीही प्रेमाने शिजवलं तरी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्यांतल्या काही पाककृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा वर मी दिलेलं पातेलंही जसंच्या तसं पूर्ण आहे असं समजू नका. कुत्र्यांसाठीची जीवनसत्त्व-खनिजांची पूड किंवा गोळी तुमच्या पशुवैद्यांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. ती न देता वर्षानुवर्षं घरचं घातलं तर डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि पंजांच्या गादीवर खपल्या धरू लागतात. गोठ्यातल्या गाईसाठी आणलेलं खनिज मिश्रण त्यात टाकू नका, त्यातली प्रमाणं गाईची आहेत.

पूड नियमित आणणं जमणार नसेल तर दुसरा मार्ग आहे. एका वेळचं जेवण पिशवीतलं आणि एका वेळचं घरचं. पिशवीतल्या पूर्ण आहारातून निम्मी गरज तरी भागते. मोठ्या कुत्र्यासाठी ही तडजोड मला मान्य आहे.

पिल्लासाठी मान्य नाही. तीन महिन्यांच्या लॅब्रॅडॉरची हाडं झपाट्याने वाढत असतात. दर हजार किलोकॅलरीमागे मोठ्या कुत्र्याला सव्वा ग्रॅम कॅल्शियम पुरतं, तिथे पिल्लाला तीन ग्रॅम लागतं. नुसत्या दूध-भातावर किंवा चिकन-भातावर वाढलेली पिल्लं माझ्याकडे येतात ती पंजे पसरून, पाठ खाली टाकून चालत. कधी साध्या उडीने मांडीचं हाड मोडलेलं असतं. याच्या उलटही वाईट होतं. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, आणि मग कूर्चेची वाढ बिघडते. म्हणजे पूर्ण आहार देत असताना वरून कॅल्शियमचं सिरप, टरफलाची पूड असं काहीही घालायचं नाही. दुकानदार पिशवीसोबत सिरपची बाटली हातात ठेवतो, ती परत करा, तेवढेच पैसे वाचतील.

पिशवी निवडताना पुढच्या बाजूचं चित्र सोडा आणि मागचं वाचा. हा पूर्ण आणि संतुलित आहार आहे, वाढत्या पिल्लांसाठी, शक्यतो मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी आहे, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पूरक आहार किंवा खाऊ असं लिहिलेलं असेल तर ते जेवण नव्हे. पिल्लासाठी कोरड्या भागात प्रथिनं किमान २२.५ टक्के आणि स्निग्धांश ८.५ टक्के लागतो. ओल्या पाकिटावर प्रथिनं आठ टक्के बघून दचकू नका. त्यात ऐंशी टक्के पाणी असतं, पाणी वजा केलं की तेच चाळीस टक्के होतं. पण त्या पाण्याचे पैसेही आपणच देतो, म्हणून रोजच्यासाठी कोरडंच परवडतं.

किंमत किलोवर तोलू नका, ऊर्जेवर तोला. समजा एक पिशवी २०० रुपये किलो आहे आणि तिच्या किलोत ३,२०० किलोकॅलरी आहेत. दुसरी ३२० रुपये किलो, पण किलोत ४,०००. किलोच्या भावात दुसरी ६० टक्क्यांनी महाग दिसते. हजार किलोकॅलरीला मात्र पहिली साडेबासष्ट रुपयांना पडते आणि दुसरी ऐंशीला, म्हणजे फरक २८ टक्के उरतो, कारण दुसरीचं कमी घालावं लागतं. पिशवीवर ऊर्जा छापलेली नसेल तर स्वतः काढा. शंभरातून प्रथिनं, स्निग्धांश, पाणी, तंतू आणि राखेचे, म्हणजे खनिजांचे, अंदाजे आठ वजा केले की उरतं ते पिष्ट. प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीनने, स्निग्धांशाला साडेआठने गुणून बेरीज करा, शंभर ग्रॅममधल्या किलोकॅलरी मिळतात. २२ टक्के प्रथिनं, आठ टक्के स्निग्धांश, दहा टक्के पाणी आणि पाच टक्के तंतू असलेल्या खाण्यात ही बेरीज ३१० च्या आसपास येते.

पिशवी पुरवायला पिल्लाच्या ताटात भात मिसळू नका. निम्मा भात घातला की कॅल्शियम, जस्त, सगळंच जवळपास निम्मं होतं. दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपर्यंत घरचं काही दिलं तर चालतं: अर्धं अंडं, तारलीचा तुकडा, चमचाभर दही. ग्लुकोजची बिस्किटं त्यात धरत नाही, ती मैदा आणि साखर आहे. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा. लॅब्रॅडॉरला वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पिल्लाचा आहार द्या. त्यानंतर पशुवैद्यांशी बोलून गावठीच्या पातेल्यात त्याचाही तांदूळ टाकता येईल.

पावसाळ्याचं एक सांगते, कारण बाहेरचे सल्ले वाचून हे कळत नाही. आपल्याकडची दमट हवा चार महिने कोरड्या खाण्याला टिकू देत नाही. मोठी पिशवी स्वस्त पडते हे खरं, पण जून ते सप्टेंबर महिन्याभरात संपेल एवढीच घ्या, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि उघड्या पोत्यातून सुटं वजनावर विकलं जाणारं खाणं कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृत निकामी करतं आणि शिजवून नाहीसं होत नाही. अमेरिकेत २००५ च्या अखेरीला अशा खाण्याने बरेच कुत्रे दगावले होते. घरातले बुरसट शेंगदाणे, मका आणि काळी पडलेली पेंडही याच कारणाने कुत्र्याला नको.

घरात आणि परसात काय टाळायचं तेही बघून घ्या. कांदा शिजवलेला असला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर धोका, म्हणजे तुमच्या गावठीला ७५ ग्रॅम, एक मध्यम कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी साचत जातो. लसूणही त्याच कुळातला. मनुका, बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडावर आघात करतात आणि किती खाल्ल्यावर करतील याचा नेम नसतो. गणपतीत पंचखाद्याची वाटी पाटावर उघडी ठेवू नका, त्यात बेदाणे असतात. चॉकलेट आणि शुगर-फ्री लिहिलेलं काहीही नको.

मे महिन्यात आंब्याची कोय. हापूसची कोय मोठा कुत्रा चोखता चोखता गिळतो, आणि बिटकीसारखा लहान रायवळ तर अख्खाच. ती लहान आतड्यात अडकते. कुत्रा वारंवार ओकतो, खात नाही, पोटाला हात लावू देत नाही. क्ष-किरणात ती नेहमी ठळक दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना ‘घरात आंबे आहेत, बागेत सडा पडतो’ हे आपणहून सांगा. त्यावरून सोनोग्राफी लवकर होते आणि आतडं कुजण्याआधी शस्त्रक्रिया करता येते. काजूगर बिनमिठाचा असेल तर एखादा चालतो, पण बीच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं, तेव्हा बिया वाळत घातलेल्या अंगणापासून पिल्लाला लांब ठेवा. आणि किनाऱ्यावर फिरायला नेता तेव्हा रापणीतून टाकून दिलेल्या मासळीवर लक्ष ठेवा. त्यात केंड, म्हणजे फुगणारा विषारी मासा, असतो. त्याच्या विषावर उतारा नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर होऊन चालण्यात तोल जाऊ लागला तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठा.

मासळीने केस गळतात का, हे राहिलं. बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे कातडीच्या तक्रारींमागे आधी गोचीड आणि पिसवा, मग दमट हवेतली बुरशी, आणि बरंच नंतर खाणं येतं. खाण्याची ॲलर्जी असते, पण ती ओळखायला पूर्वी कधी न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर सुमारे आठ आठवडे ठेवून बघावं लागतं. त्याआधी मासळी बंद करून कुत्र्याच्या ताटातली सर्वांत चांगली गोष्ट काढून घेऊ नका.

गावठीचं जेवण एकदम बदलू नका. आठवडाभर जुन्यात नवं वाढवत न्या, नाहीतर हगवण लागेल आणि दोष मासळीवर जाईल. पिल्लाला दर आठवड्याला वाणसामानाच्या काट्यावर किंवा तुम्ही उचलून घेऊन वजन करा आणि वहीत लिहून ठेवा, मोठ्याचं महिन्यातून एकदा. पुढच्या लसीला याल तेव्हा ती वही आणि पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत आणा. पिल्लू लंगडत असेल, पुढचे पाय बाहेर वळत असतील, किंवा दोघांपैकी कुणी एक दिवस काहीच खाल्लं नाही तर लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका.